आवडी जुळोत न जुळोत, मैत्री कशी जमवायची

"आमच्यात काही कॉमनच नाही गं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी म्हटलं यावर नीट बसून लिहूयाच. नवीन ठिकाणी राहायला गेलेली माणसं, नोकरी बदललेली, मुलं मोठी झाल्यावर अचानक हातात वेळ उरलेली, सगळ्यांचं हेच असतं, माणसं भेटतात, बरीही वाटतात, पण आवडी जुळत नाहीत म्हणून गाडी पुढे सरकत नाही. आणि बरोबर उलटी तक्रार करणारेही भेटतात, आवड एकच आहे, वर्षभर एकाच ग्रुपमध्ये आहोत, तरी आजारी पडल्यावर ज्याला फोन करावा असं त्यात एकही माणूस नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. आवड जुळणं हे निमित्त असतं. त्या निमित्ताने दोन माणसं एका जागी येतात आणि परत परत येतात, एवढं मोठं काम ते करतं आणि ते काम मी अजिबात कमी लेखत नाही. पण मैत्री जमते ती त्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे जेव्हा त्यातला एकजण दुसऱ्याच्या अशा आवडीत पाहुणा म्हणून जातो जिच्याशी त्याचं स्वतःचं काही देणंघेणं नव्हतं. या दोन्ही पायऱ्या कशा चढायच्या ते खाली लिहिलंय, जमेल तसं, माझ्या अनुभवातलं आणि वाचनातलं.

आधी जागा नीट निवडा

बहुतेक लोक इथेच चुकतात. मैत्री करायची म्हणून एखाद्या मोठ्या कार्यक्रमाला जातात, शंभर माणसं, भाषण, टाळ्या, घरी. असं दहा वेळा केलं तरी काही होत नाही कारण प्रत्येक वेळी माणसं वेगळी असतात. तुम्हाला हवी अशी जागा जिथे तीच माणसं ठराविक दिवशी येतात, संख्या थोडी असते म्हणजे आठ दहा पंधरा, आणि काम असं असतं की हात गुंतलेले पण तोंड मोकळं. चित्र काढणं, विणकाम, बाग, दुरुस्ती, सकाळचं चालणं, समूहगान, पक्षी बघणं (तिथे तोंड तसं बंद ठेवावं लागतं, पण परत येताना भरपूर बोलणं होतं). सिनेमा एकत्र बघणं यात शेवटी येतं कारण दोन तास अंधारात गप्प बसायचं आणि मग जो तो आपापल्या दिशेला. बघून झाल्यावर अर्धा तास त्यावर बोलायला कुणी थांबत असेल तर मात्र चालेल.

हात गुंतलेले असण्याचा एक फायदा लाजाळू माणसांना लगेच कळेल. समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की मधली शांतता खायला उठते, पण दोघंही एकाच कागदाकडे किंवा एकाच रोपाकडे बघत असतील तर तीच शांतता साधी वाटते, कुणी पाच मिनिटं बोललं नाही तरी कुणाला काही वाटत नाही.

आणि तीच माणसं परत परत दिसणं याचं महत्त्व किती आहे यावर एक फार साधा प्रयोग झालाय. १९९२ साली अमेरिकेतल्या मोरलँड आणि बीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी चार तरुणींना एका मोठ्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसायला पाठवलं, एक सत्रभरात पंधरा वेळा आली, एक दहा वेळा, एक पाच वेळा आणि चौथी एकदाही नाही. कुणी कुणाशी बोलायचं नाही ही अट. सत्राच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले तर जी जास्त वेळा आली होती ती मुलांना जास्त आवडली, एक शब्दही न बोलता. म्हणून म्हणते पहिले तीन चार आठवडे मैत्री होतेय का याचा हिशोब लावूच नका. नुसतं जा, दिसा, हसा, नाव लक्षात ठेवा. दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडणारे लोक नेमके जमायच्या आधी उठून जातात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

एक छोटी युक्ती, दहा मिनिटं आधी जा आणि दहा मिनिटं उशिरा निघा. खुर्च्या लावायला, आवरायला हात लावा. ओळखी मुख्य कार्यक्रमात होतात त्यापेक्षा जास्त या आधीच्या आणि नंतरच्या वेळात होतात, कारण तेव्हा प्रत्येकजण जरा सैल असतो.

तासांचा हिशोब, न घाबरता

जेफ्री हॉल नावाचे अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, त्यांनी नवीन ठिकाणी राहायला गेलेल्या माणसांचा आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांचा अभ्यास करून अंदाज काढला की ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावा असं व्हायला ९०च्या आसपास आणि जिवलग व्हायला २००च्या वर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागदावर मांडून बघितलं. आठवड्याला दोन तास धरले तर ५० तास व्हायला पंचवीस आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने. २०० तासांना तर दोन वर्षं. म्हणजे तीन भेटीत काही जमलं नाही म्हणून "माझ्यातच काहीतरी कमी आहे" असं म्हणणाऱ्या माणसाने जेमतेम सहा तास घातलेले असतात. हा हिशोब मी खूप जणांना सांगितलाय आणि प्रत्येकाचा चेहरा जरा हलका झालेला बघितलाय.

पण त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट आहे जी लोक सोडून देतात. नुसते ऑफिसात शेजारी बसून घालवलेले तास तितके कामाचे ठरत नाहीत, जे तास दोघांनी आपणहून निवडले, गप्पा मारल्या, खेळले, ते मोजले जातात. त्यामुळे ग्रुपमधल्या दोन तासांच्या बाहेर कधीतरी एक तास काढावा लागतो. तो कसा मागायचा ते पुढे सांगते.

"तुला यात नेमकं काय आवडतं?"

हा एक प्रश्न पाठ करा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

कारण असं आहे की आवडीचं नाव एक असलं तरी आवड एक असतेच असं नाही. दोघांना धावायला आवडतं, एकाला वेळ कमी करायचाय, घड्याळ, नोंदी, स्पर्धा. दुसऱ्याला त्या एका तासात घरचा कुणाचाही आवाज कानावर येत नाही म्हणून आवडतं. हे दोघं "आपली आवड सेम आहे" म्हणून एकत्र धावायला लागले तर महिन्याभरात एकमेकांवर वैतागतात, पहिल्याला वाटतं हा सिरियस नाही, दुसऱ्याला वाटतं हा डोकं खातो. आणि गंमत बघा, ज्याला शांतता म्हणून धावायला आवडतं त्याचं एखाद्या नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्या माणसाशी फार छान जमू शकतं, वरवर बघितलं तर दोघांच्या छंदात काहीही सारखं नाही. वाचणाऱ्यांचंही तेच, कुणी गोष्टीसाठी वाचतं, कुणी भाषेसाठी, कुणी रात्री झोप येत नाही म्हणून.

म्हणून नावावर थांबू नका. "मला पण आवडतं!" म्हणून लगेच स्वतःचं सुरू करणं ही आपल्या सगळ्यांची सवय असते, मलाही ती मोडायला वेळ लागला. त्याऐवजी आधी विचारायचं, काय आवडतं, कधीपासून, कुणी लावलं हे वेड. आणि उत्तर आलं की त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ साली बोलण्यातल्या प्रश्नांचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं की जास्त प्रश्न विचारणारा माणूस समोरच्याला जास्त आवडतो आणि त्यातही खास करून आधीच्या उत्तराला धरून विचारलेले प्रश्न. साहजिक आहे, तसा प्रश्न ऐकलं असेल तरच विचारता येतो.

आता उलटतपासणी मात्र करू नका. दोन प्रश्न, मग थोडं स्वतःचं, मग परत प्रश्न. समोरचा एका शब्दात उत्तरं देत असेल तर आज त्याचा मूड नाही समजून सोडा, पुढच्या आठवड्यात तो परत येणारच आहे ना. तीच माणसं परत भेटतात अशी जागा निवडा म्हटलं त्याचा हा दुसरा फायदा, एका भेटीत सगळं जमवायची घाई राहत नाही.

दुसऱ्याच्या आवडीत पाहुणं कसं व्हायचं

आता मुख्य भाग. इथे मी माझीच गोष्ट सांगते कारण मला हे सगळं त्यातूनच कळलं.

मी रविवारी सकाळी चित्र काढणाऱ्या एका छोट्या ग्रुपमध्ये जायचे. तिथे एक बाई यायच्या, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, त्यामुळे मी अहो-जाहो करायचे. पहिले तीन महिने आमचं बोलणं फक्त पेन्सिलींवर. २बी बरी की ४बी, कागद कुठला, छाया कशी द्यायची, बास. आवड एकच होती, चित्र, आणि तरी आम्ही नुसत्या ओळखीच्याच होतो. मग एकदा मी त्यांच्या वहीत डोकावले तर पानं भरून चाकं. दातेरी चाकं, छोटी, मोठी, एकात एक अडकलेली. माझ्या वहीत पक्षी. म्हणजे त्या चाकांसाठी चित्र काढत होत्या आणि मी पक्ष्यांसाठी, चित्र हे दोघींचंही खरं वेड नव्हतंच. मी विचारलं ही चाकं कसली, तर म्हणाल्या चावीच्या घड्याळांची, मी दुरुस्त करते घरी, छंद म्हणून.

मला घड्याळात काडीचा रस नव्हता. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला होता सांगताना की मी म्हटलं मला एकदा दाखवाल का. हे वाक्य मी म्हटलं नसतं तर आज हा लेख नसता.

त्यांनी मला टेबलाशी बसवलं, डोळ्याला लावायचं भिंग दिलं आणि एकच घड्याळ उघडून दाखवलं. टिकटिक आवाज नेमका कशाचा हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते, ती एकदम सुटायला बघते, आणि तिला दर ठोक्याला अडवून थोडी थोडी सोडणारा एक इवलासा भाग असतो, त्याच्या आदळण्याचा तो आवाज. त्या जुन्या घड्याळाचे तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. त्या म्हणाल्या कान लाव आणि मोज. मोजता येत नाही इतकं भरभर, पण लय कळते. मी तासभर तिथे होते आणि घड्याळांची आवड मला त्या दिवशी काही लागली नाही, आजही लागलेली नाही, पण त्या बाई माझ्यासाठी त्या दिवशी वेगळ्या झाल्या.

मग महिन्याभराने मी त्यांना पक्षी बघायला घेऊन गेले. त्यांना पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, दुर्बीण धरायलाही जमत नव्हतं. एका झाडावर तांबट ओरडत होता, टुक टुक टुक टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, त्यावरूनच त्याला ते नाव. मी नेहमीप्रमाणे तो दिसतो कुठे ते शोधत होते. आणि या बाईंनी काय करावं, मनगटावरचं घड्याळ पुढे धरून त्याचे ठोके मोजायला सुरुवात केली! मिनिटाला ११०च्या आसपास भरले. परत मोजले, जवळपास तेवढेच. मग मला विचारतात, सकाळी आणि दुपारी वेग सारखाच असतो का गं याचा? मी पंधरा वर्षं तांबट ऐकत होते, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तेव्हापासून आमची एक सामायिक वही आहे, तारीख, वेळ, ठोके. आणि त्याच दिवशी परत येताना त्या म्हणाल्या, आता अहो-जाहो बंद कर, मला अगं म्हण. आपल्या भाषेत अहोवरून अगंवर येणं ही केवढी मोठी गोष्ट असते हे मी वेगळं सांगायला नको.

तर या गोष्टीतून काढलेल्या सूचना, जशा सुचतील तशा.

पाहुण्याने खोटा रस दाखवायचा नाही. "मला यातलं काही कळत नाही पण तुला यात काय दिसतं ते बघायचंय" हे पूर्ण प्रामाणिक वाक्य आहे आणि पुरेसं आहे. खोटा उत्साह पंधरा मिनिटांत उघडा पडतो आणि मग समोरच्याला जास्त लागतं. मत लगेच द्यायचं नाही, विशेषतः "एवढा वेळ घालवता यात?" असलं काही तोंडातून जाऊ द्यायचं नाही, कौतुक म्हणून म्हटलं तरी ते टोचतं. मोबाईल पिशवीत. आणि शेवटपर्यंत थांबायचं. मधेच उठून गेलात तर समोरच्याला वाटतं मी कंटाळा आणला आणि तो परत कधी बोलावत नाही.

यजमानानेही काही पथ्यं पाळायची असतात, आणि हे जास्त अवघड आहे बरं का, कारण आपल्या आवडीचा विषय निघाला की आपण वाहवत जातो. पहिल्या वेळी एकच गोष्ट दाखवा, तुम्हाला सगळ्यात आवडणारी. तिने कपाटात तीसेक घड्याळं असताना मला एकच दाखवलं, यातच सगळं आलं. इतिहास, प्रकार, कंपन्या, हे सगळं नंतर, विचारलं तर. तासाभरात संपवा. पाहुण्याच्या हाताला काहीतरी काम द्या, भिंग धरायला, मोजायला, नोंद करायला, नुसतं बघत बसलेलं माणूस लवकर दमतं. आणि तो चुकीचं बोलला तर प्रत्येक वेळी दुरुस्त करू नका, खंड्याला धीवर म्हणाला तर म्हणू दे, दोन्ही नावं त्याचीच आहेत.

वेगळ्या आवडीचा असा खरा फायदा हा आहे, की नवखा माणूस असे प्रश्न विचारतो जे जाणकाराला सुचत नाहीत. याचं एक प्रसिद्ध उदाहरण मला फार आवडतं. १९०२ साली बर्नमध्ये तरुण आइनस्टाइनने भौतिकशास्त्राच्या शिकवणीची जाहिरात दिली होती, ती वाचून मॉरिस सोलोवीन नावाचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आला. दोघं पहिल्याच भेटीत बोलत बसले ते बसलेच, आणि लवकरच आइनस्टाइनने त्याला सांगितलं की शिकवणी वगैरे राहू दे, तू गप्पा मारायला येत जा. मग कोनराड हाबिख्त नावाचा तिसरा मित्र आला आणि तिघं मिळून पुस्तकं वाचायचे, त्यावर वाद घालायचे, या मंडळाला त्यांनी गमतीने ऑलिंपिया अकादमी असं भारदस्त नाव दिलं होतं. एक भौतिकशास्त्रवाला, एक तत्त्वज्ञानवाला. ती मैत्री आयुष्यभर टिकली.

बोलावणं कसं करायचं

"भेटू कधीतरी" हे बोलावणं नाही. दिवस, वेळ, काम आणि शेवट, चारही सांगा. "शनिवारी सकाळी सात ते नऊ मी तळ्यावर पक्षी बघायला जातेय, येतेस का, दुर्बीण माझ्याकडे जास्तीची आहे." शेवट सांगितल्यामुळे समोरच्याला अडकल्यासारखं वाटत नाही आणि नाही म्हणणंही सोपं जातं. नाही आलं तर एकदा परत विचारा, दोन तीन आठवड्यांनी, वेगळ्या गोष्टीसाठी. तिसऱ्यांदाही नाही आलं तर मात्र थांबा आणि ग्रुपमध्ये पूर्वीसारखंच हसून बोला, कडवटपणा नको, माणसांच्या घरी काय काय चालू असतं.

भेट झाल्यावर घरी येऊन "मी जास्तच बोलले का, तिला कंटाळा आला असेल का" असं जे मनात सुरू होतं ना, त्यावर फार विश्वास ठेवू नका. २०१८ साली एरिका बूथबी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावून नंतर विचारलं, तर दिसलं की आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसं सतत कमी धरतात. म्हणजे तुम्ही घरी येऊन स्वतःला दूषणं देत असता तेव्हा तिकडे तो माणूसही बहुधा स्वतःबद्दल तेच म्हणत बसलेला असतो. दोघंही गप्प, आणि एक मैत्री तिथेच राहून जाते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी एक साधा मेसेज टाका, काल बरं वाटलं, तू ते अमुक सांगितलंस ते डोक्यात राहिलंय. बास एवढंच.

सगळं सारखं असणाऱ्याच्या मागे किती लागायचं

मला वाटतं फार नाही. यावर एक अभ्यास आहे जो वाचून मी बराच वेळ विचार करत बसले होते. २०१२ साली बान्स, पिकेट आणि क्रँडल या तीन संशोधकांनी कॅन्ससमधल्या मोठ्या विद्यापीठातले मित्र आणि त्याच राज्यातल्या लहान कॉलेजांतले मित्र यांची तुलना केली. मोठ्या ठिकाणी इतक्या प्रकारची माणसं की वाटेल मैत्रीही तितकीच मिश्र असेल, पण झालं उलटंच, निवड करायला वाव भरपूर म्हणून प्रत्येकाने आपल्यासारखाच शोधून काढला. लहान कॉलेजातले मित्र एकमेकांपेक्षा जास्त वेगळे होते, कारण निवडच कमी, आणि तरी त्यांना आपली मैत्री जास्त जवळची वाटत होती.

आज फोनवर तर निवड अमर्याद आहे. अमुक कॅमेरा वापरून फक्त कोळी आणि मुंग्यांचे फोटो काढणारे असा ग्रुप शोधलात तरी मिळतो. असे ग्रुप चांगलेच असतात, शिकायला खूप मिळतं, मी स्वतः दोन ठिकाणी आहे. पण तिथे सगळं इतकं जुळतं की माणूस म्हणून काही विचारायचं राहूनच जातं. मग शेजारी राहणारी, बसस्टॉपवर रोज दिसणारी माणसं "आपल्या टाईपची नाहीत" म्हणून आपण सोडून देतो, पण दोनशे तास घालवायला सगळ्यात सोपी माणसं तीच असतात.

वेगळेपण कुठवर चालतं

शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, समानशीलव्यसनेषु सख्यम्, ज्यांचं शील सारखं आणि नाद सारखा त्यांची मैत्री होते. म्हणताना सगळे नादावर जोर देतात. माझ्या मते खरं वजन शील या शब्दात आहे. नाद वेगळे असले तर चालतं, उलट बरं. पण दिलेला शब्द पाळणं, वेळ पाळणं, पाठीमागे कुणाबद्दल कसं बोलायचं, आपल्यापेक्षा कमी ताकदीच्या माणसाशी वागणं कसं, हे जुळलं नाही तर एकच गायक दोघांना कितीही आवडू दे, काही उपयोग नाही. एखाद्याबरोबर छंद शंभर टक्के जुळतो पण भेटून आल्यावर दर वेळी मन खट्टू होतं, असं असेल तर बहुतेक वेळा शील जुळत नसतं. तिथे तासांचा हिशोब लावत बसू नका, बाजूला व्हा.

मतं वेगळी असणं मात्र शील वेगळं असण्यापेक्षा निराळं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात रूथ बेडर गिन्सबर्ग आणि अँटोनिन स्कालिया हे दोन न्यायाधीश होते, कायद्याच्या बहुतेक मोठ्या प्रश्नांवर दोघं दोन टोकांना, एकमेकांच्या विरोधात कडक निकाल लिहायचे. आणि तरी जिवलग मित्र. दोघांनाही ऑपेराचं वेड, दोन्ही कुटुंबं वर्षाची शेवटची रात्र एकत्र घालवायची. गिन्सबर्ग यांनी सांगून ठेवलंय की एका निकालाच्या वेळी स्कालियांनी आपला विरोधी मसुदा त्यांना आधीच वाचायला आणून दिला, म्हणजे उत्तर द्यायला वेळ मिळावा, आणि त्यामुळे त्यांचा स्वतःचा निकाल जास्त धारदार झाला. २०१६ साली स्कालिया गेले तोवर ही मैत्री टिकली. बघा म्हणजे, मत वेगळं, छंद एक, आणि विरोधकालाही वेळ द्यावा हे शील दोघांचं सारखं.

तुमच्या बाबतीत अशी मतभिन्नता असेल तर त्या विषयाला एक जागा द्या. कायम टाळलं तर तो विषय मधोमध बसून राहतो, कायम काढला तर भेटीच नकोशा होतात. आम्ही दोघींनी ठरवलंय, चालताना वाद चालेल, टेबलाशी बसल्यावर नाही. का कोण जाणे चालताना राग फार टिकत नाही.

एकखांबी तंबू

ज्या मैत्रीत फक्त एकच विषय आहे तिला मी एकखांबी तंबू म्हणते. गुडघा दुखायला लागला, धावणं बंद, मित्रही बंद. मूल झालं, गाण्याचा क्लास सुटला, मैत्रीण सुटली. यात कुणाची चूक नसते, दुसरा खांब कधी उभाच केलेला नसतो.

तो उभा करायचा तर सगळं सुरळीत चालू असतानाच. वर्षातून निदान दोन तीनदा ठरलेल्या आवडीच्या बाहेर भेटा, दोघांनाही येत नाही असं काहीतरी एकत्र शिका, आम्ही दोघींनी लाकडाची पेटी बनवायला घेतली होती, तिचे कोपरे आजही नीट बसत नाहीत आणि त्याच पेटीत आमची वही असते. आणि समोरच्याच्या त्याच्या क्षेत्रातल्या चांगल्या बातमीला मनापासून दाद द्या. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम यावरच आहे, कुणी आपली चांगली बातमी सांगितल्यावर आपण कसं ऐकतो त्यावर नातं बरंच अवलंबून असतं असं त्यांना दिसलं. नुसतं "अरे वा, छान" आणि विषय बदलला तर तो माणूस पुढच्या वेळी सांगत नाही. मला त्या घड्याळातलं कळत नाही, पण एखादं बंद पडलेलं घड्याळ तीन आठवड्यांनी सुरू झालं की तिला विचारते, शेवटी अडकलं कुठे होतं? मग ती वीस मिनिटं सांगते. ती वीस मिनिटं मला जड जात नाहीत.

एकच गोष्ट सांभाळा, हे जाणं-येणं दोन्ही बाजूंनी हवं. तुम्ही सहा वेळा त्याच्या आवडीत गेलात आणि तो तुमच्या आवडीकडे एकदाही फिरकला नाही, तर आधी उघड बोलावून बघा, कारण बऱ्याच जणांना वाटत असतं की आपल्याला तिथे नकोच असेल. बोलावूनही नाही आला तर ती मैत्री आहे तेवढीच ठेवा, छंदापुरती. छंदापुरती मैत्रीही वाईट नसते.

आणि खूप दिवस बोलणं झालं नसेल तर माफीनाम्याने सुरुवात करू नका, "सॉरी गं, इतके महिने..." वाचूनच समोरच्याला ओझं होतं. त्याच्या आवडीतली एक गोष्ट दिसली की पाठवा, तेवढंच. मागच्या वर्षी तिच्या घरचं आजारपण आणि माझं स्थलांतर यात आमचे पाच महिने काही बोलणंच झालं नव्हतं. मग एकदा नव्या घराच्या खिडकीबाहेर तांबट सुरू झाला, मी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून तिला पाठवलं, खाली काही लिहिलं नाही. दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं, "१०८. दुपारचा आहे का?"